धाराशिवच्या ताटातली डाळ कुठं गेली?

आपल्या जिल्ह्याबद्दल बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी माहीत असतात. एक आई तुळजाभवानी आणि दुसरा दुष्काळ. तिसरी गोष्ट आपणही कुणाला सांगत नाही. हा डाळीचा मुलूख आहे. भूम-परंड्याकडचा उडीद, कळंब-वाशीची तूर, उमरगा-लोहाऱ्याच्या काळ्या रानातला हरभरा. लातूरच्या डाळमिलला माल जातो तो आपल्याच शिवारातून, आणि बार्शीच्या अडतीवर उडदाचे ढीग लागतात त्यातही आपले पोते असतात.

मग साधा प्रश्न. आपल्याकडचा माणूस डाळ खातो किती? गेले काही दिवस मी हे बऱ्याच जणांना विचारतोय. "रोजच खातो की!" हे ठरलेलं उत्तर. रोज म्हणजे किती, एका कुकरला किती मूठ, त्यात किती माणसं जेवतात, असं विचारलं की गडी गप्प होतो. घरातल्या बाईला विचारलं तर मात्र ती लगेच सांगते, कारण मूठ तिची असते. आणि मूठ लहान झाली आहे हेही तीच सांगते.

आधी देशाचे आकडे बघू. ते सरकारच्याच आर्थिक पाहणीत दरवर्षी छापून येतात, आपण वाचत नाही एवढंच. 1951 साली देशात माणशी दिवसाला 60.7 ग्रॅम डाळ-कडधान्य उपलब्ध होतं. 1961 साली ते 69 ग्रॅमवर गेलं. तिथून उतरण लागली. 1971 ला 51.2, 1981 ला 37.5, आणि 2001 ला 30 ग्रॅम. चाळीस वर्षांत निम्म्याहून कमी. गव्हा-तांदळाची कोठारं याच चाळीस वर्षांत भरली हे लक्षात घ्या.

असं का झालं? 1960-61 साली देशात 127 लाख टन कडधान्य पिकलं होतं. 2000-01 साली पिकलं 111 लाख टन. या काळात लोकसंख्या 44 कोटींवरून 103 कोटींच्या घरात गेली. खाणारी तोंडं दुपटीहून जास्त आणि डाळ होती त्याहून कमी. हरितक्रांतीचं पाणी, खत, बियाणं आणि सरकारी खरेदी हे सगळं गहू आणि भाताला मिळालं. पंजाब-हरियाणात हरभरा होता, तिथं कालवे आल्यावर गहू आला. हरभरा आणि तूर सरकत सरकत कोरडवाहू रानात आली, म्हणजे आपल्याकडं. दगडाधोंड्याच्या, पावसाच्या भरवशावरच्या शेतकऱ्यानं देशाची डाळ पिकवायची असं जणू ठरून गेलं. ठरवताना त्याला कुणी विचारलं नाही.

पुढं 2011 पर्यंत हा आकडा परत 43 ग्रॅमवर आला, आता त्याहून वर आहे. पण ही झाली देशात उपलब्ध असलेली डाळ. त्यात हॉटेलातलं बेसन, फरसाण, शेव, सगळं धरलेलं. घरात प्रत्यक्ष काय खाल्लं ते राष्ट्रीय नमुना पाहणीवाले घरोघर विचारतात. 2011-12 च्या त्यांच्या पाहणीत ग्रामीण भारतात माणशी महिन्याला 783 ग्रॅम डाळी-कडधान्यं निघाली, शहरात 901 ग्रॅम. ग्रामीण माणसाच्या वाट्याला दिवसाला 26 ग्रॅम. म्हणजे डाळ जिथं पिकते तिथल्यापेक्षा जिथं फक्त विकत मिळते तिथं जास्त खाल्ली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते ताटात डाळी (मांसाहार करणाऱ्यांसाठी अंडी-मांस धरून) दिवसाला 85 ग्रॅमच्या आसपास हव्यात.

इथं एक गोष्ट आधीच साफ करतो, नाहीतर "पूर्वी कसं सगळं चांगलं होतं" हे सुरू होतं. पूर्वी सगळे पोटभर डाळ खात होते, असं नाही. ज्याचं रान त्याची डाळ. निजामाच्या राज्यातल्या या जिल्ह्यात देशमुख-पाटलाच्या वाड्यावर कणग्या भरलेल्या असत, आणि त्याच गावच्या गावकुसाबाहेर कोरड्यास म्हणून मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी. घट्ट वरण हे लग्नातलं, सणातलं अन्न होतं. दुसऱ्या महायुद्धात निजाम सरकारनं धान्याची लेव्ही लावली तेव्हा तर लहान शेतकऱ्याच्या घरातला दाणाही मोजून गेला. सरासरी 60 ग्रॅम असली तरी कुणाच्या ताटात शंभर आणि कुणाच्या ताटात वीस असणार.

पण एक फरक होता आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. गरिबाच्या ताटात जी काही थोडी डाळ होती ती दुकानातून येत नव्हती. ती शेतातून, मजुरीतून, बलुत्यातून, सालगड्याच्या ठरावातून येत होती. पाडव्याला साल ठरायचं तेव्हा रोख रकमेबरोबर ज्वारी किती आणि डाळ किती हेही ठरायचं. तूर काढायला, मूग तोडायला गेलेली बाई संध्याकाळी पदरात दाणे घेऊन यायची. बाजारात तुरीचा भाव काय आहे याचा तिच्या चुलीवरच्या आमटीशी संबंध नव्हता. आज आहे. किंबहुना आता फक्त तोच संबंध उरला आहे.

आणि त्या काळी एकच एक डाळ नव्हती. आज डाळ म्हटलं की तूरडाळ. आमच्या आजीच्या हाताखालून वर्षभरात निदान सात-आठ प्रकारची कडधान्यं जात होती. पावसाळ्यात उडदाचं घुटं, सालपटासकट शिजवून घोटलेलं, वर लसणाची फोडणी. भाकरीबरोबर चुरून खायचं. आजारी माणसाला हुलग्याचं माडगं. थंडीत हुलग्याच्याच पिठाचे शेंगोळे. मटकीची उसळ, मुगाचे सांडगे, उन्हाळ्यात भाजी नसली की तेच सांडगे. पाहुणा अचानक आला की हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं. ज्वारीच्या पिठात डाळीचं पीठ घालून धपाटे, ते चार दिवस टिकायचे म्हणून तुळजापूरला पायी जाणाऱ्याच्या फडक्यात बांधलेले. पुरणपोळीच्या दिवशी पुरण शिजवलेल्या पाण्याची येळवणीची आमटी. पुण्यामुंबईकडं तिला कटाची आमटी म्हणतात, पण येळवणी म्हटल्याशिवाय तिला आपली चव येत नाही. आणि धाराशिवच्या ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या उरुसात, मुस्लिम घरांतल्या लग्नात दालचा-खाना. हरभऱ्याची डाळ, दुधी, मटण आणि चिंच एका देगमध्ये. निजामशाहीनं आपल्याला त्रास बराच दिला, पण दालचाही दिला हे मान्य केलं पाहिजे.

यातला हुलगा आज कुणाच्या घरात आहे? पोरांना दाखवला तर ओळखणार नाहीत. 1972 सालच्या उस्मानाबाद जिल्हा गॅझेटियरमध्ये तूर, हरभरा, मूग, उडीद यांच्याबरोबर हुलगाही जिल्ह्याच्या पिकांत मोजला आहे. हलक्या मुरमाड रानात, काही न घालता, दोन पावसांवर येणारं हे पीक. त्याला कधी हमीभावाची यादी लाभली नाही.

हा डाळीचा मुलूख बाजाराला कधी जोडला गेला तेही सांगतो. बार्शीची छोटी रेल्वे 1906 साली तडवळ्यापर्यंत आली आणि 1911 साली लातूरला पोचली. येडशी, तडवळे, कळंब रोड ही तिची ठाणी. गंमत म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाला ती शिवलीच नाही, उस्मानाबादला रेल्वे दिसायला रुंद मार्ग होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं थांबावं लागलं. पण त्या चिमुकल्या गाडीनं बार्शी आणि लातूरचे बाजार मोठे केले. तूर, हरभरा, करडी, जवस मुंबईकडं जायला लागलं. तरीही शेतकरी आधी घरचं वर्षाचं ठेवायचा आणि उरलेलं विकायचा. आधी कणगी, मग बाजार, हा क्रम पुढची साठ-सत्तर वर्षं टिकला.

तो पहिल्यांदा हलला 72 च्या दुष्काळात. सलग दोन-तीन वर्षं पाऊस गेला. ज्वारी गेली तशी तिच्या मधल्या काकऱ्यांतली तूरही गेली. रोजगार हमीच्या कामावर माणसं खडी फोडत होती, खायला अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी. त्या पिढीच्या माणसांपुढं आजही मिलोचं नाव काढलं तर तोंड वाकडं करतात. दुष्काळानंतर ज्वारीचं हायब्रीड बियाणं जोरात पसरलं, आणि पोट भरायचं तर आधी धान्य, डाळ नंतर, हे सगळ्यांच्याच मनात बसलं. सरकारच्याही.

जातं बंद पडलं तो दुसरा धक्का. याबद्दल कुणी लिहीत नाही कारण ते बायकांचं काम होतं. गावात वीज आली, पिठाची गिरणी आली, ज्वारी दळायचं जातं कोपऱ्यात गेलं. पण आमच्या कळंब तालुक्यातल्या गावात डाळ भरडायला ते नंतरही बरीच वर्षं वापरात होतं. तूर भिजवायची, लाल मातीत घोळायची, दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, मग जात्यावर भरडायची, सुपानं पाखडायची. डाळ वेगळी, चुणी वेगळी, टरफल वेगळं. चुणी आणि टरफल दुभत्या म्हशीला. डाळ मडक्यात, कडुलिंबाचा पाला घालून. तुराट्या चुलीला आणि कुडाला. एका पिकातलं काही वाया जात नव्हतं. पण यात बाईची कंबर मोडायची हेही खरं आहे. ते काम गेलं त्याचं दुःख करणारे बहुतेक पुरुषच असतात. आता शेतकरी तूर पोत्यात भरून लातूरला किंवा कळंबच्या अडतीवर घालतो आणि येताना किराणा दुकानातून पॉलिश केलेली डाळ किलो-दोन किलो आणतो. आपलीच डाळ. मधल्या प्रवासाचं भाडं, हमाली, तोलाई, अडत, मिल, पिशवी आणि दुकानदाराचा नफा सगळं तिच्यावर चढलेलं.

आणि तिसरा, सगळ्यात मोठा बदल म्हणजे सोयाबीन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते आलं आणि 2000 नंतर बघता बघता सगळं शिवार पिवळं झालं. आज जिल्ह्याच्या खरिपाच्या पेऱ्यात निम्म्याहून जास्त सोयाबीन आहे. शेतकऱ्याला नावं ठेवायला मी तयार नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक, हडंब्यातून काढलं की दसरा-दिवाळीला रोख हातात, चोरी नाही, मजूर कमी. मुगाच्या शेंगा तीनदा तोडायच्या, ऐन तोडणीत पाऊस आला की शेंगेतच मोड फुटायचे. उडदाचं तेच. तूर सात महिने रानात उभी, तिला वांझ रोग, मर रोग, शेंगा पोखरणारी अळी आणि वर रानडुकरं. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं वांझ रोगाला दाद न देणाऱ्या बीएसएमआर जाती काढल्या, लवकर येणारी बीडीएन 711 काढली, म्हणून तूर निदान सोयाबीनच्या मधल्या ओळीत तरी टिकली.

पण सोयाबीननं नेमकं काय हटवलं ते बघा. मूग आणि उडीद सत्तर-पंचाहत्तर दिवसांत निघायचे आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी पेरता यायची. सोयाबीननं मुगाची जागा घेतली, खरिपाच्या पिवळ्या ज्वारीची घेतली आणि काढणीला ऑक्टोबर उजाडत असल्यानं रब्बी ज्वारीचाही वाफसा खाल्ला. सोयाबीनमागून आता हरभरा पेरतात, आणि त्यामुळं हरभऱ्याचं क्षेत्र वाढलंय हे मान्य. म्हणजे कागदावर जिल्ह्याचं कडधान्य कमी झालेलं दिसणारच नाही. पण हा हरभरा विकायचाच हरभरा आहे. तो खरेदी केंद्रावर जातो, मिलला जातो आणि परत येतो तो स्टँडवरच्या भज्यात आणि शेवेच्या पुड्यात. त्यातही निव्वळ हरभऱ्याचंच पीठ असेल याची खात्री नाही, कारण परदेशी पिवळा वाटाणा स्वस्त आहे आणि डिसेंबर 2023 पासून त्यावरचं आयातशुल्क सरकारनं बराच काळ काढून टाकलं होतं.

सोयाबीन हे मुळात शेंगवर्गीयच पीक, हरभऱ्याच्या भावकीतलंच. प्रथिनं तर डाळीपेक्षा जास्त. पण आपण ते खात नाही. तेल रिफायनरीला, पेंड कोंबड्यांना. आपल्या रानातलं प्रथिन कोंबडीच्या पोटातून रविवारी चिकन होऊन परत येतं. अंडी-चिकन गावागावात पोचलं ही चांगलीच गोष्ट आहे, ती डाळीच्या हिशोबात धरायला हवी. पण चिकन रविवारी आणि डाळ रोज, असा हिशोब असतो. आणि चिकनचा मोठा तुकडा कुणाच्या ताटात पडतो हे आपल्या घरात आपल्याला माहीत आहे. आमटीचं तसं नव्हतं. पातळ का असेना, सगळ्यांना एकाच भांड्यातली असायची.

हे सगळं एका दिवसात बघायचं असेल तर येळवस बघा. वेळा अमावस्या हा लातूर-धाराशिवचा सण, बाकी महाराष्ट्राला समजावून सांगावा लागतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात. कडब्याची कोप, आत पांडव, आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे काय? तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोललेले घाटे, वाटाणा, वालाच्या शेंगा, रानात असेल ती भाजी, आणि त्याला बेसन लावून केलेला रस्सा. कडधान्याच्या ओल्या दाण्यांचा एवढा मोठा सण दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी जिल्ह्याला सुट्टी असते, पुण्याला गेलेली पोरं गाड्या भरून येतात. पण भज्जीचे दाणे आता आदल्या दिवशी बाजारातून आणावे लागतात. रानात तूर दोन ओळी, वाल नाही, वाटाणा नाही, कोप बांधायला कडबा शेजाऱ्याकडून. मंडईत येळवसच्या आदल्या दिवशी ओल्या शेंगांचा भाव विचारून बघा. आणि भूम, वाशी, परंडा, कळंबची जी कुटुंबं कोयता घेऊन दिवाळीनंतर कारखान्यांवर गेलेली असतात त्यांना तर ही भज्जी नाहीच. त्यांची येळवस उसाच्या फडात जाते.

बाजारावर सोपवलेली डाळ कशी वागते ते आपण 2015 ते 2017 या तीन वर्षांत बघितलं. आपल्याकडं सलग दुष्काळ, ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात 200 रुपये किलोपर्यंत गेली. मजुराच्या घरात वरणात हळदच जास्त दिसायला लागली. सरकार घाबरलं, 2016 मध्ये मोझांबिकबरोबर तूर आयातीचा करार केला. संयुक्त राष्ट्रांनी तेच वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं, आणि शेतकऱ्याला सांगितलं तूर पेरा. त्यानं पेरली, पाऊसही झाला. 2017 च्या सुरुवातीला हमीभाव बोनससह 5050 रुपये क्विंटल आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास, कुठं त्याहूनही खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही, ट्रॅक्टरच्या रांगा, तुरीच्या ढिगावर झोपलेली माणसं. ज्यानं 2015 साली 200 रुपयांनी डाळ विकत घेतली तोच माणूस 2017 साली 40 रुपये किलोनं तूर विकायला उभा होता. दोन्हीकडून मार खाणारा माणूस एकच.

पण त्याच गोंधळातून एक बरी गोष्ट झाली होती आणि ती आपण विसरलो. सरकारनं खरेदी केलेली तूर भरडून राज्यात रेशनवर दिली. आधी 55 रुपये किलोनं, नंतर 35 रुपयांनी. कोरोनात 2020 साली केंद्रानं घरटी महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरा फुकट दिला. 2022 च्या दिवाळीला आनंदाच्या शिध्यात शंभर रुपयांत एक किलो चणाडाळ मिळाली. म्हणजे रेशनवर डाळ देता येते, यंत्रणा आहे, तीनदा करून झालं आहे. तरी ती नियमित नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू, तांदूळ आणि भरडधान्य आहे, डाळ नाही. आपल्या ज्वारी-डाळीच्या जिल्ह्याला सरकार दर महिन्याला फुकट गहू-तांदूळ देतं आणि डाळ तुम्ही बाजारातून घ्या म्हणतं. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या पोराला 20 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 30 ग्रॅम डाळ-कडधान्य ठरलेलं आहे. बऱ्याच पोरांच्या दिवसातली ती सगळ्यात घट्ट डाळ असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीही नाही.

2024-25 साली देशानं 70 लाख टनांच्या वर डाळी-कडधान्यं आयात केली. तूर मोझांबिक, म्यानमार, टांझानियातून. वाटाणा कॅनडा आणि रशियातून. तुरीचा हमीभाव 2025-26 ला 8000 रुपये झाला आहे, पण आयात उघडी असली की बाजार त्याच्या खाली जातो हे अडतीवर उभं राहणाऱ्याला सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे. जिल्ह्यात हमीभावानं खरेदी झालेली तूर आणि हरभरा जिल्ह्यातच भरडावा आणि त्यातला ठरावीक वाटा जिल्ह्यातल्याच रेशन दुकानात महिन्याला किलो-दोन किलो डाळ म्हणून यावा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना तो दिवाळीआधी एकदम उचलता यावा. बचत गटांच्या बायका विजेवर चालणाऱ्या लहान डाळगिरण्या चालवू शकतात, काही गावांत चालवतातही, त्यांना हे काम मिळावं. येत्या ग्रामसभेत हा ठराव आमच्या गावात मी मांडणार आहे. तुमच्या गावात कुणी मांडणार असेल तर कळवा, मसुदा पाठवतो.

आणि ज्यांच्या घरी सालगड्याच्या ठरावाच्या जुन्या चिठ्ठ्या, बलुत्याच्या वह्या, अडतीच्या पट्ट्या असतील त्यांनी फोटो काढून पाठवा. डाळीचा जिथं जिथं उल्लेख आहे तेवढं पान पुरे. हुलग्याचं बियाणं कुणाकडं असेल तर तेही सांगा, मुरमाड रान आहे माझ्याकडं एकरभर.